तिथी, तारीख आणि सुट्टी

नवे वर्ष उजाडण्यापूर्वी राज्य शासन दरवर्षी एक अधिसूचना काढते. पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची ती यादी असते. वर्तमानपत्रे ती छापतात, कार्यालयांतील फलकांवर ती लागते, आणि यंदा कोणता सण रविवारी येऊन 'वाया' गेला एवढ्यापुरतेच बहुतेकांचे तिच्याविषयीचे कुतूहल असते. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र ही यादी एक संहिता म्हणून वाचावी, असे आम्हांस सुचवायचे आहे. सणाचे नाव, इंग्रजी तारीख, भारतीय सौर दिनांक आणि वार अशा तिच्या रकान्यांत कित्येक शतकांची कालगणना, एका साम्राज्याचा व्यवहार, कामगारांचा एक लढा आणि अनेक धर्मांमधील एक अबोल तडजोड सामावलेली आहे. यादी कोरडी दिसते, कारण तिच्यामागील वाद तिच्यात छापलेले नसतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण' पासून आला. संस्कृतातच 'क्षण' शब्दाला उत्सवाचा अर्थ होता. म्हणजे सण हा काळाच्या सपाट प्रवाहातून उचलून वेगळा काढलेला क्षण. 'अनध्याय' हा जुन्या पाठशाळांतील शब्द. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा ठरलेल्या तिथींना वेदाध्ययन थांबे, ते विश्रांतीसाठी नव्हे तर त्या दिवशी अध्ययन निषिद्ध मानले जाई म्हणून. 'रजा' हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ संमती. रजा कोणीतरी देतो आणि कोणीतरी मागतो. आणि 'सुट्टी' ही सुटण्याच्या क्रियेतून आलेली. सण समाजाचा, अनध्याय शास्त्राचा, रजा मालकाची. पण सुट्टी कोणाची, हा प्रश्न या शब्दांनी आपल्यासमोर ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकापासून आजवरचा सुट्ट्यांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत.

आजची अधिसूचना ज्या कायद्याच्या आधारे निघते तो कायदा धर्माविषयी नाही, कामगारांविषयीही नाही. तो आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेश यांचा कायदा. त्याच्या २५ व्या कलमात एक व्यावहारिक अडचण सोडविली आहे. एखाद्या हुंडीची मुदत ज्या दिवशी पुरी होते त्याच दिवशी पेढी बंद असेल तर पैसे केव्हा द्यायचे? कायदा सांगतो, आदल्या कामाच्या दिवशी. मग पेढी बंद असण्याचे दिवस कोणते, हे सांगणे क्रमप्राप्तच झाले. मूळ कलमात रविवार, ख्रिस्ती नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे होती. इतर दिवस स्थानिक सरकारने राजपत्रातून जाहीर करावेत अशी मुभा होती. राज्यकर्त्यांचे सण कायद्याच्या मजकुरात आणि प्रजेचे सण राजपत्राच्या पानावर, अशी ही वाटणी होती. स्वातंत्र्यानंतर नाताळादी नावे कलमातून वगळण्यात आली. रविवार तेवढा राहिला आणि बाकी सर्व सण, ख्रिस्ती धरून, अधिसूचनेच्या एकाच पंगतीला बसले. कायद्याच्या भाषेतील हा बदल लहान दिसतो, पण प्रजासत्ताकाने धर्मांशी कसे वागायचे ठरविले त्याचे व्याकरण त्यात उमटले आहे.

सुट्टीचा आणि पेढीचा हा संबंध इंग्लंडातून आलेला होता. बँक ऑफ इंग्लंड एकेकाळी संतांचे दिवस आणि धार्मिक पर्वे मिळून वर्षाला सुमारे ३३ दिवस बंद असे. १८३४ साली ती संख्या अवघ्या ४ वर आणली गेली. कारखानदारीच्या युगाला संतांचे एवढे दिवस परवडेनात. मग १८७१ साली सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि काही दिवस परत मिळाले. मात्र परत मिळालेले दिवस पूर्वीचे नव्हते. त्यांपैकी ऑगस्टमधील पहिला सोमवार तर कोणत्याच संताचा नव्हता. सणाची सुट्टी आणि निव्वळ सुट्टी यांची फारकत तेथे झाली.

आपल्याकडे ही फारकत एका वेगळ्या वाटेने झाली, आणि तिचे श्रेय मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मराठी माणसांकडे जाते. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरण्यांना तसे बंधन नव्हते. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्याला ४ सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त बालकामगारांना. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील पहिली मागणी साप्ताहिक सुट्टीची होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप दिले.

येथे थोडे थांबायला हवे. रविवार हा ख्रिस्ती विश्रांतीचा वार, म्हणून 'इंग्रजांनी दिलेली सुट्टी' असे आपण सहज म्हणून जातो. पण इंग्रजी राज्य येऊन अर्धशतक उलटले तरी गिरणीतल्या माणसाला ती मिळाली नव्हती. मिळाली ती मागितल्यावर. शिवाय ज्या शेतकरी-कामकरी समाजातून हे कामगार आले होते त्याच्या दृष्टीने रविवार परका नव्हताच. तो खंडोबाचा वार होता. एकच वार चर्चचा, जेजुरीचा आणि कचेरीचा. लोखंड्यांच्या चळवळीने या वारावर कोणत्याही धर्माचा शिक्का न मारता त्याला श्रमिकाच्या हक्काचा वार केले. शब्दांच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी रजेची सुट्टी केली.

या रविवाराचे पुढचे रूप राष्ट्रीय आहे. लाहोर काँग्रेसने डिसेंबर १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि स्वातंत्र्याची प्रतिज्ञा देशभर घेण्यासाठी २६ जानेवारी १९३० हा दिवस मुक्रर झाला. तो त्या महिन्यातील शेवटचा रविवार होता. त्या दिवसाला कोणत्याही पंचांगात माहात्म्य नव्हते, कोणत्याही अवताराचा किंवा प्रेषिताचा त्याच्याशी संबंध नव्हता. लोक एकत्र जमू शकतील असा तो मोकळा दिवस होता एवढेच. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत होऊनही ती अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबण्यात आले, ते या दिवसाच्या स्मृतीसाठी. राष्ट्रीय सणाची पवित्रता अशी माणसांनी, पाहता पाहता वीस वर्षांत घडविलेली असते. उलट १५ ऑगस्ट ही तारीख निवडली माउंटबॅटन यांनी, जपानच्या शरणागतीच्या स्मृतिदिनाशी जुळवून; आणि ती अशुभ असल्याचा आक्षेप ज्योतिषांनी घेतल्याची हकीकत पुष्कळांनी नोंदविली आहे. संविधानसभा १४ तारखेच्या रात्री बसली व कारभार मध्यरात्री बदलला. तारीख आणि तिथी यांची ती पहिली राष्ट्रीय तडजोड म्हणता येईल.

तिथी आणि तारीख यांचा हा ताण समजून घेतल्याशिवाय सुट्ट्यांची यादी उलगडत नाही. यादीतील सण चार-पाच वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. हिंदू, जैन आणि बौद्ध सण चांद्र-सौर गणनेवर. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून ते सण ऋतूशी बांधून ठेवले जातात. इस्लामी कालगणनेत असा अधिक महिना निषिद्ध आहे. म्हणून ईद आणि मोहरम सर्व ऋतूंतून फिरत सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा मूळ जागी येतात. नाताळ सौर तारखेला स्थिर आहे. पण त्याच धर्मातील गुड फ्रायडे मात्र वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असतो, म्हणजे तो एका अर्थी तिथीनेच येतो. पारशी शहेनशाही वर्ष नेमके ३६५ दिवसांचे, त्यात लीप दिवस नाही. म्हणून त्यांचे नवे वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकते. १९४७ साली ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. सरकत सरकत २०२४ पासून ते १५ ऑगस्टला आले, आणि २०२७ पर्यंत तेथेच राहून पुढे निघून जाईल. अग्नीपुढे नव्या वर्षाची प्रार्थना आणि झेंडावंदन ही दोन्ही एकाच सकाळी यावीत, हे कोणी ठरविलेले नाही. दोन घड्याळांचे काटे काही काळ एकमेकांवर आले आहेत इतकेच.

धर्माधर्मांतच नव्हे, एका धर्मातही घड्याळे अनेक असतात. गणनेत एका महिन्याचा फरक पडला म्हणून पारशी समाजात १७४५ साली कदमी आणि शहेनशाही असे दोन पंथ झाले. आपल्याकडे टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांच्या आरंभस्थानात सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे काही वर्षी अधिक महिना कोणता याबद्दल त्यांचे जुळत नाही आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत दिवाळी महिनाभर आधी येते. स्वतंत्र भारताने हा गोंधळ मिटविण्याचा यत्न केला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ रोजी चैत्र १, शके १८७९ या दिनांकाने राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. शास्त्रदृष्ट्या ते अत्यंत सुबक आहे. परंतु त्यात ना कोणाची दिवाळी आहे, ना कोणाचा पगार; लोकांनी ते राजपत्राच्या रकान्यात आणि आकाशवाणीच्या निवेदनात ठेवले. जे पंचांग कोणाच्याच उपासाला आणि उत्सवाला लागत नाही, ते कितीही अचूक असले तरी जिवंत होत नाही, हा त्यातील धडा.

तिथीचे तारखेत भाषांतर करताना काय घडते याचे आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे शिवजयंती. टिळकांच्या प्रेरणेने १८९६ साली रायगडावर उत्सव झाला तेव्हा जन्माचे वर्ष शके १५४९, म्हणजे १६२७, असे रूढ होते आणि जयंती वैशाखात होई. पुढे जेधे शकावली टिळकांनीच १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद होती. १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी संपादिलेल्या 'शिवभारता'नेही तिला बळ दिले. पुष्कळ वादानंतर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली आणि सुट्टी त्या दिवशी आली. तिथीचा आग्रह धरणारे आजही फाल्गुनात वेगळी जयंती करतात. आता गंमत अशी, की ही तारीख ज्यूलियन पंचांगाची आहे. पोर्तुगीजांनी १५८२ सालीच ग्रेगरियन सुधारणा स्वीकारली होती, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. आज आपण वापरतो त्या ग्रेगरियन गणनेने तो शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. म्हणजे ज्यांचे पंचांग आपण आज मानत नाही, त्यांच्या तारखेला आपण आजच्या पंचांगात सुट्टी घेतो. यात कोणाची चूक दाखविण्याचा आमचा हेतू नाही. जयंती ही खगोलाची गरज नसून स्मृतीची गरज आहे. तिला एक ठरलेला, सर्वांनी मिळून पाळायचा दिवस लागतो. मात्र तारखेवरून एकमेकांची निष्ठा मोजणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

कारण दिवसावरून निष्ठा मोजण्याचा परिणाम आपण पाहिलेला आहे. पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. ऑगस्ट १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर १८९४ च्या मोहरमकडे बहुतेक हिंदूंनी पाठ फिरविली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या थाटाने झाला. मेळे, त्यांची पदे, मिरवणूक आणि अखेरचे विसर्जन यांत ताबुतांच्या उत्सवाशी असलेले साम्य इतिहासकारांनी दाखविले आहे. गणेशोत्सवाने मराठी समाजाला जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. पण एका सामायिक दिवसाचे दोन वेगळे दिवस झाले, ही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे. तिच्यासमोर अलीकडची एक घटना ठेवावीशी वाटते. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. २०२४ मध्येही मुंबईत ही सुट्टी १६ ऐवजी १८ सप्टेंबरला देण्यात आली. चंद्र जागचा हलत नाही, मिरवणूक हलू शकते. ज्याने ती हलविली त्याच्या श्रद्धेत उणीव आली नाही; रस्ता मात्र दोघांचा राहिला.

दिवसावर हक्क सांगण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे त्याला नवा अर्थ देणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचा होता. त्याचा संबंध त्यांनी अशोकाशी जोडला. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिन तिथीनेही पाळला जातो आणि तारखेनेही. यादीत दसऱ्यापुढे एकच ओळ असते. पण त्या ओळीखाली दोन इतिहास चालत असतात.

सर्व धार्मिक सुट्ट्या काढून टाकाव्यात, एक शुद्ध राष्ट्रीय दिनदर्शिका करावी, असा विचारही माणसांनी करून पाहिला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आणला. रविवार गेला आणि विश्रांती दहाव्या दिवशी आली. १ जानेवारी १८०६ पासून ते पंचांग रद्द झाले. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये अखंड पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. कामगारांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचा सुट्टीचा दिवस वेगळा ठेवला, म्हणजे यंत्रे कधीच थांबणार नाहीत. विश्रांती पूर्वीपेक्षा वारंवार मिळू लागली, पण नवऱ्याची सुट्टी बायकोच्या सुट्टीशी जुळेना. १९४० साली सात दिवसांचा आठवडा परत आणावा लागला. पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने १९१० मध्ये धार्मिक सुट्ट्या बंद करून २५ डिसेंबरला 'कुटुंबदिन' हे नाव दिले. लोक त्या दिवशी जे करीत होते तेच करीत राहिले. या तिन्ही प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. सुट्टी म्हणजे नुसते काम न करणे नव्हे. आपली माणसेही त्याच वेळी मोकळी असणे हा तिचा अर्धा अर्थ आहे.

याउलट वाट मॉरिशसची. तेथील सुट्ट्यांत महाशिवरात्र, तमिळांचे थायपूसम, चिनी वसंतोत्सव, ईद, दिवाळी आणि नाताळ आहेत. मराठी भाषक तेथे अल्पसंख्य असूनही गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे. ख्रिस्ती समाजाचे १५ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर हे दोन दिवस वर्षाआड आलटून पालटून येतात. शिवाय १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताचे आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिया मजुरांच्या आगमनाचे स्मरण असते. कोण येथे कसे आले, हे त्या यादीवरून कळते. इंडोनेशियात चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टीचा मान मिळाला तो २००३ साली. ज्या समाजाला आपला सण उघडपणे साजरा करण्याची अनेक वर्षे बंदी होती, त्याला राजपत्रातील एका ओळीने तुम्ही आमचेच आहात असे सांगितले. अशा ओळीची किंमत उत्पादनाच्या घटलेल्या तासांत मोजता येत नाही.

'आपल्याकडे सुट्ट्या फार' ही तक्रार म्हणूनच आम्हांस अपुरी वाटते. ती तक्रार करणारे बहुधा ज्यांना सुट्टी मिळते त्यांच्याकडे पाहून बोलतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या देतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या ४ मालक व कामगार यांनी मिळून ठरवायच्या. चार दिवस सर्वांचे आणि चार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे, अशी ही रचना आहे. राष्ट्र आणि धर्म यांची याहून समंजस वाटणी क्वचितच एका वाक्यात कोणी केली असेल. पण हा कायदा मूळ तरतुदीनुसारही दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. नऊ माणसांच्या दुकानातील नोकर, घरकाम करणारी बाई, दिवाळीच्या रात्रीही दारोदार पार्सले पोहोचविणारा मुलगा यांची नावे कोणत्याच रकान्यात नाहीत. सणाच्या दिवशी इतरांचा सण साजरा व्हावा म्हणून त्यांचे काम उलट वाढते. १८८४ च्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांचा प्रश्न असा पुरता सुटलेला नाही. यादीत कोणाचा देव आहे यावर आपण पुष्कळ वाद घातला; यादीबाहेर कोणाचा दिवस राहिला, हे विचारणारा 'दीनबंधु' आज हवा आहे.